राखेने धुतलेले हात: कळंबजवळच्या फुलपाखरांच्या बागेत दीड दिवस

मला फुलपाखरांची भीती वाटते. हसून घ्या एकदा, मग पुढे वाचा. वाघाची, भुताची, सासूची भीती लोक समजून घेतात. फुलपाखराची म्हटलं की आधी खात्री करून घेतात, ही बाई थट्टा तर करत नाही ना. नाही करत. ते फडफडणं, कुठून येईल नि कुठे बसेल याचा नेम नसणं, आणि जवळून पाहिलं की त्या सुंदर पंखांच्या मधोमध चक्क एक केसाळ किडा असणं! लिहितानासुद्धा मानेवर काटा आला बघा.

ही भीती माझ्याकडे माहेरून आली. पतंग दिसला की आमची आई पदर डोक्यावर घेऊन किंचाळायची आणि तिच्यामागे मी. तेवढ्यावर थांबलं असतं तर हा ब्लॉग लिहायची वेळ आली नसती. पण या वर्षी माझ्या मुलीची, ओवीची, शाळेची सहल एका उद्यानात गेली आणि ती सात वर्षांची पोर दिवसभर बसमध्ये बसून राहिली. बाईंचा फोन आला. "बागेत फुलपाखरं आहेत म्हणते, खालीच उतरली नाही." पुढच्याच आठवड्यात सोसायटीच्या आवारात एक एवढंसं पांढरं फुलपाखरू आलं. ओवीने दोन्ही हात कानांवर ठेवले, मान खांद्यात घातली आणि किंकाळी फोडली. हुबेहूब मी.

"नाक माझं घेतलंय, हे तुझं," माझा नवरा समीर म्हणाला. मला राग आला, पण ते खरंच होतं. माझी भीती माझ्याबरोबर राहिली तर राहू दे, ओवीला ती लागता कामा नये, एवढं मी त्या दिवशी ठरवलं. समीरच्या ऑफिसातल्या एकाने कर्जत तालुक्यात कळंबच्या अलीकडे एक बाई फुलपाखरांची बाग चालवते म्हणून सांगितलं. फोन केला, दसऱ्याच्या आधीचा शनिवार-रविवार मिळाला. शनिवारी बाग, रविवारी माथेरान, असा बेत होता.

पुण्याहून निघणार असाल तर सहाच्या आत घर सोडा. आम्ही सात वाजवले आणि बोरघाटात ट्रकच्या मागे रांगेत उभे राहून पश्चात्ताप केला. खोपोलीला उतरून पळसदरीमार्गे कर्जत गाठायचं. रस्ता अरुंद आहे, पण दोन्ही बाजूंनी हिरवागार. कर्जतला गाडी लावून वडापाव खाल्ला नाही तर पाप लागतं म्हणतात, म्हणून आम्ही दोन-दोन खाल्ले. गाडीवाल्या मावशींनी कुठे चाललात विचारलं. फुलपाखरं बघायला म्हटल्यावर त्या शेजारणीला म्हणाल्या, "ऐकलंस का गं? पुन्याची मान्सं पाखरं बघाया आली. आमी रोज हाकलतोय!"

कर्जत-मुरबाड रस्त्याने कशेळे मागे पडलं की मोबाइलची रेंज येते-जाते, तेव्हा नकाशा आधीच उतरवून ठेवा. भाताला लोंब्या आलेल्या होत्या. मागे माथेरानचा डोंगर ढगात होता आणि मी गाडीच्या काचा घट्ट लावून बसले होते. पंधरा वर्षांत मी एवढी शांत कधी बसले नव्हते, असं समीरचं म्हणणं.

बागेच्या मालकीण सुनंदाताई. पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, डोंगरापायथ्याच्या एका वाडीतल्या. फाटकाशी पाण्याचं पिंप होतं, त्यावर तांब्या आणि बाजूला मडकंभर राख. "या. चपला ऱ्हाऊ द्या पायात, हात धुवा. साबण नको, राख घ्या," त्या म्हणाल्या. आम्ही भांडी घासावीत तसे हात घासले. मग त्यांनी काय करावं? प्रत्येकाचे हात हातात घेतले, पालथे केले, उताणे केले, नाकाशी नेले आणि डोळे मिटून वास घेतला. समीरला परत पाठवलं. "तुमचा अत्तराचा वास हाय अजून. परत."

"एवढं कडक?" समीर हसत म्हणाला.

"मी पाच वर्सं रिसॉर्टात माळीकाम केलं," त्या म्हणाल्या. "पाठीवर औषधाचा पंप. सकाळी फवारायचं, दुपारी पाखरं झाडाखाली पडलेली झाडून टाकायची. मला तो वास झोपंतबी वळखू येतो."

बाग म्हणजे काचेचं घर वगैरे डोळ्यांसमोर आणू नका. अर्ध्या एकरात झाडंझुडपं: कढीपत्ता, लिंबू, रुई, घाणेरी, पानफुटी. "आमी कुनाला कोंडत नाय. ज्याचं जेवन लावाल तो येतो. पाखराला नुसतं फूल देऊन भागत नाय, त्याच्या पोराला पान लागतं, अन् हरेकाच्या पोराचं पान येगळं," ताई सांगत होत्या. मी मान डोलवत होते आणि नजर वर, खाली, मागे फिरत होती. पहिलं फुलपाखरू माझ्या कोपराजवळून गेलं तेव्हा मी समीरचा दंड इतका जोरात धरला की चार नखं उमटली. ओवीने माझा कुडता धरला होता. ती फुलपाखराकडे बघत नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती.

पुढच्या वळणावर दोरीला खुळखुळा नावाच्या रानझुडपाच्या सुकत आलेल्या जुड्या टांगल्या होत्या. लांबून मला वाटलं त्यांना तपकिरी-निळी पानं आहेत. ताईंनी हळूच फुंकर घातली आणि सगळी पानं उडाली. शंभर असतील, दोनशे असतील, मी मोजायला थांबले नाही. मी मागे सरले, जनावरांना पाणी पाजायच्या टाकीच्या कठड्याला अडकले आणि बसले ती थेट पाण्यात. ओवी किंचाळली. मी किंचाळले. दोघींचा सूर एकच होता.

"अगं बाय, ती तुज्याकडं आलीच नाय," ताईंनी मला हात देऊन बाहेर काढलं. "त्यांना त्या झाडाचा रस पायजे. ही कडवी जात. रुईचा चीक खाऊन वाढत्यात, म्हनून अंगात कडूपना. पक्ष्यानं एकदा चोचीत धरलं की थुंकतो, पुन्यांदा वाटंला जात नाय. सगळे यांना भितात, म्हनून ही अशी निवांत उडत्यात."

ओवीने पहिल्यांदा तोंड उघडलं. "म्हणजे त्यांना कुणाची भीती नाही?"

"हाय की. गांधीलमाशीची हाय, मुंगीची हाय. मान्साची तर लय हाय."

दुपारी ताईंच्या ओसरीवर तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि तळलेली मिरची. तिघांचं राहणं-जेवण आणि बाग मिळून पुण्यातल्या बऱ्यापैकी हॉटेलातल्या एका रात्रीपेक्षा स्वस्त पडलं. ओल्या कपड्यांत मी गप्प जेवले. ओवी मात्र प्रश्न विचारत होती, आणि मला आत कुठेतरी आशा वाटत होती.

जेवणानंतर ताई म्हणाल्या, "आता बारकी पोरं दाखवते. जाळीच्या खोलीत." बारकी पोरं म्हणजे सुरवंट. बाहेर गांधीलमाश्या त्यांच्या अंगात अंडी घालतात आणि पक्षी टिपतात, म्हणून काही फांद्या कापून, पाण्याच्या डब्यांत खोचून त्या जाळीच्या खोलीत ठेवतात. सोमवारी जवळच्या शाळेची मुलं बघायला यायची होती, त्यामुळे खोली भरलेली होती. ओवी म्हणाली, "आई आली तर मी येते."

आता माझी चूक सांगते. ती सांगण्यासाठीच खरं तर हे लिहायला बसले.

पुन्हा हात धुतले, पुन्हा ताईंनी वास घेतला. मग मी "हिला जरा बाथरूमला नेते" म्हणाले. आत गेल्यावर पर्समधून डासांचं मलम काढलं, माझ्या हातांना चोपडलं आणि ओवीच्याही. बोटांना, तळव्यांना, मनगटांपर्यंत. मला त्या मलमाने धीर येतो, घरीसुद्धा मी ते लावूनच गॅलरीत जाते. पण खरं कारण वेगळं होतं. सुरवंट ओवीच्या हाताला चिकटला तर तो मला काढता येणार नाही, मी पळून जाईन, हे मला ठाऊक होतं. मलम असलं की ते आपणहून लांब राहतील, असा माझा हिशेब.

"आई, ताईंनी लावू नको सांगितलंय," ओवी म्हणाली.

"थोडंसंच आहे. त्यांना सांगू नको."

जाळीच्या खोलीत मी दाराशीच भिंतीला पाठ लावून उभी राहिले. कढीपत्त्याच्या पानावर ताईंनी पक्ष्याची शीट दाखवली, काळी-पांढरी, ओलसर. ती चालायला लागली! लहानपणी हा सुरवंट शिटेसारखा दिसतो म्हणजे कुणी खात नाही, आणि मोठा झाला की पानासारखा हिरवा होतो. ताईंनी दोन हिरवे आणि एक शिटेसारखा, असे तीन ओवीच्या तळहातावर ठेवले. ओवीने डोळे मिटले, मग एक उघडला. हिरव्याने मान वर केली आणि डोक्यातून नारिंगी रंगाचं दुहेरी शिंग बाहेर काढलं. दुसऱ्यानेही काढलं.

"आई, हा मला जीभ दाखवतोय!" आणि ओवी हसली. खळखळून हसली. पुन्हा पुन्हा शिंग, पुन्हा पुन्हा हसू. मी दाराशी उभी राहून रडत होते. साध्य झालं, असं मला वाटलं. मग तिने स्वतःच्या बोटांनी ते फांदीवर परत ठेवले, बाकीच्यांनाही पाठीवर हात फिरवून "बाय" केलं.

पाच-साडेपाचला ती पुन्हा बघायला गेली. ताई फांदीपाशी वाकून उभ्या होत्या. पाच सुरवंट खाली डब्याच्या काठाशी पडले होते, मऊ, वाकडे. त्यातल्या एका हिरव्याचं शिंग अजून बाहेर होतं.

"मुंगी नाय, माशी नाय. सकाळी चांगली व्हती," ताई स्वतःशीच बोलल्या. मग आमच्याकडे वळल्या. "कुनी काय फवारलं का? हाताला काय व्हतं?"

ओवीने माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "नाही हो. तुम्हीच तर वास घेतलात."

"मंग रोग पडला," ताई खाली बसल्या. "रोग पडला की एकातून समद्यांत जातो. सकाळी खोली रिकामी करावी लागंल. फांद्या जाळायच्या, पोरांसकट."

सुरवंटांना मी आयुष्यभर घाबरले, पण तशी भीती कधी वाटली नव्हती. बोलायचं होतं. मी ओवीला घेऊन ओसरीकडे वळले.

रात्रीच्या जेवणाला ताईंनी गावठी कोंबडीचा रस्सा केला होता. ओवीने घास घेतला नाही. हात मांडीखाली दाबून बसली होती. ताई चुलीपाशी गेल्यावर तिने हळूच विचारलं, "आई, मलमाने मेले का?"

काय सांगायचं होतं हे मला माहीत होतं. मी म्हणाले, "नाही गं. एवढ्याशा मलमाने काय होतंय? आजारी असतील ते."

तिला ते पटलं नाही. "पण ताई म्हणाल्या, सकाळी चांगले होते. मग माझ्या हातानेच मेले ना? मी हात लावला तेच मेले." समीरने माझ्याकडे बघितलं. त्याला मलमाचं ठाऊक नव्हतं, पण माझं तोंड तो ओळखतो. ओवी पाण्याचा तांब्यासुद्धा धरेना. समीरने तिला पाणी पाजलं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आईची पदर घेऊन किंचाळणारी भीती माझ्यापर्यंत आली, तिने माझं फारसं काही बिघडवलं नाही. चारचौघांत हसं झालं, इतकंच. मी मात्र पोरीला स्वतःच्या हातांची भीती घालून झोपवलं होतं. आणि हे कशासाठी? तर एक अनोळखी बाई मला रागावेल म्हणून.

उजाडताना बाहेर फांद्या मोडल्याचा आवाज आला. ताईंनी अंगणात वाळक्या पानांचा पातेरा पेटवला होता आणि जाळीच्या खोलीतली पहिली फांदी हातात घेऊन त्या येत होत्या. त्यावर हिरवे सुरवंट पान खात होते. ओवी ओसरीच्या खांबाला धरून बघत होती. मी अनवाणीच धावले.

"ताई, थांबा. रोग नाहीये तो. मी मलम लावलं होतं. डासांचं. तिच्या हाताला आणि माझ्याही. तुम्ही वास घेतल्यावर, बाथरूममध्ये."

ताईंनी फांदी खाली ठेवली. माझे हात ओढून घेतले आणि वास घेतला. रात्रभरानंतरही येत असावा, कारण त्यांनी ते झटकून टाकले.

"काल इचारलं तवा?"

"घाबरले."

"कुनाला?"

"तुम्हाला. सुरवंटांना. सगळ्यालाच."

"पाखरं मेली, त्याचं मी बघीन," ताईंचा आवाज चढला नाही, खाली गेला, आणि तेच जास्त लागलं. "पन पोरगी काल माज्या घरात उपाशी झोपली. ते तुला दिसत व्हतं ना? का ते बघायलाबी भ्यालीस?"

मी ओवीपाशी गेले, गुडघ्यावर बसले. म्हटलं, "तुझ्या हातांत काही नव्हतं. मी लावलेल्या मलमाने मेले ते. तू मला विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले." तिने माझ्याकडे नीट बघितलं. रडली नाही, मिठी मारली नाही. "मला वाटलंच होतं," म्हणाली, आणि ताईंच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

"धुवा हात," ताई म्हणाल्या. "तीनदा. काल तिनं हात लावलेल्या फांद्या टाकायच्या, वरची पोरं ताज्या फांदीवर न्यायची. दोन जनांचं काम हाय, माज्या एकटीनं उद्या शाळंची पोरं यायच्या आत व्हनार नाय. तू कर."

माथेरान राहिलं ते असं. राखेने मी हात तीनदा घासले, बोटांच्या बेचक्यांत आग होईपर्यंत. ताईंनी वास घेतला आणि कात्री दिली. सुरवंट ज्या पानावर असेल ते पान कापायचं, ताज्या फांदीवर ठेवायचं. तो आपणहून चालत जातो, त्याला ओढायचं नाही. ओढलं की पाय तुटतात. हे काम मी जमवलं. पानापुरतं अंतर होतं ना मध्ये. पण तीन सुरवंट जाळीवर चढून बसले होते. त्यांना पान नव्हतं.

"बोट लाव त्याच्याम्होरं. तो चढतो," ताई म्हणाल्या.

मी बोट पुढे केलं. दुसऱ्या हाताने मनगट धरावं लागलं. तो चढला. गार, मऊ, कानाच्या पाळीसारखा. सोळा का काय तेवढे पाय, एकेक पाय वेगळा कळत होता. मध्येच थांबून त्याने मान वर केली, नारिंगी शिंग बाहेर काढलं आणि कुजक्या लिंबासारखा वास आला.

"ते शिंग कधी काढत्यात माहीत हाय?" ताई मागून म्हणाल्या. "भ्याले की."

मी किंचाळले नाही, कारण मला कालची दुपार आठवली. ओवी जे बघून हसली होती, मी दाराशी आनंदाने रडले होते, ती त्या दोघांची किंकाळी होती. मी त्याला फांदीपर्यंत नेलं. मग दुसरा. तिसरा. घामाने कुडता पाठीला चिकटला होता. भीती गेली का म्हणाल तर अजिबात नाही, उलट प्रत्येक वेळी नवी लागत होती. पण हात मागे घेतला नाही. ओवी दाराशी उभी राहून सगळं बघत होती. या वेळी माझ्या तोंडाकडे नाही, माझ्या हातांकडे.

अकराच्या सुमारास निघालो. ताईंनी ओवीला कढीपत्त्याचं रोप दिलं, "औषध न मारल्याली माती हाय, बाजारातली घालू नको," असं बजावून. मला काही दिलं नाही. "परत या," मात्र म्हणाल्या, आणि मला वाटतं त्यांनी ते मनापासून म्हटलं. परतीच्या वाटेवर कर्जतला पुन्हा वडापाव खाल्ला. ओवीने स्वतःच्या हाताने खाल्ला.

जाणाऱ्यांसाठी थोडं: पावसाळा सरता सरता ते थंडीच्या सुरुवातीपर्यंत जा. सकाळी ऊन चढायला लागलं की फुलपाखरं जास्त दिसतात. पंख चिमटीत धरू नका, बोटाला जी पूड लागते ते त्यांचे खवले असतात आणि ते परत येत नाहीत. अत्तर, मलम, सॅनिटायझर घरी ठेवा. आणि कुणी हात दाखवा म्हटलं तर ते धुतलेलेच राहू द्या.

घरी येऊन महिना झाला. फुलपाखरू आलं की मी अजूनही खिडकी लावते. ओवी उघडते. माझ्याकडून तिला जे मिळायला नको होतं ते मिळालं नाही, असं समीर म्हणतो. पण तिला दुसरं काय मिळालं ते मला रोज दिसतं. औषध देताना ती बाटलीवरचं नाव वाचते. इंजेक्शन दुखणार नाही म्हटलं तर डॉक्टरांना पुन्हा विचारते.

काल संध्याकाळी गॅलरीतून तिची हाक आली. "आई, लवकर ये! कढीपत्त्यावर शीट चालतेय!" मी हातातलं लाटणं टाकून धावले. तिने दारातच मला अडवलं.

"आधी हात."

मी दोन्ही हात पुढे केले. तिने ते पालथे केले, उताणे केले, नाकाशी नेले आणि डोळे मिटले. किती वेळ घेतला तिने! मग म्हणाली, "पीठ आहे नुसतं. ये."